चमचाभर साखरेचा हिशेब

निरोगी प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो; तासाला पाच ग्रॅम. यकृत आपल्या साठ्यातून सतत भर घालत राहिले नाही, तर रक्तातली सगळी साखर मेंदू तासाभरात संपवून टाकेल. रक्तातून पेशीत शिरलेल्या या ग्लुकोजचे पुढे नेमके काय होते, तो या पुस्तकाचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक ओळीचे उत्तर आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. ग्लुकोज आणि ऑक्सिजन एकत्र येतात; कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा मिळते. समीकरण अचूक आहे, पण चमचाभर ग्लुकोज आगीत टाकले तरी हेच समीकरण लागू पडते. तेच वायू, तेच पाणी, तेवढीच ऊर्जा. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळाले की सुमारे ६७० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते आणि आसपासच्या हवेत विरून जाते. त्या उष्णतेने स्नायू आखडत नाही, विचार सुचत नाही, जखम भरत नाही. साखरेतून ऊर्जा सोडवणे आगीलाही जमते. पेशीचे कसब ती ऊर्जा एकदम सुटू न देण्यात आहे. सदतीस अंशांच्या पाणीदार पेशीद्रव्यात, वीसहून अधिक टप्प्यांत, दर टप्प्याला वेगळ्या विकराची (एन्झाइमची) मदत घेऊन ती साखरेला हळूहळू खाली उतरवते आणि वाटेत जिथे जमेल तिथे थोडी थोडी ऊर्जा पकडून ठेवते. समीकरणाच्या दोन टोकांमधल्या या मोठ्या वाटेकडे वाचकांनी बघावे, एवढ्यासाठी मी हे पुस्तक लिहिले.

जळणे आणि जगणे यांचे नाते प्रथम मोजून दाखवले ते लव्हाझिए आणि लाप्लास या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी, १७८२-८३ च्या हिवाळ्यात. बर्फाने वेढलेल्या भांड्यात त्यांनी गिनीपिग ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजले, त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला तेही मोजले आणि तेवढाच वायू देणारा कोळसा जाळून किती बर्फ वितळतो याच्याशी ताळा केला. आकडे जवळपास जुळले. श्वसन हे एक प्रकारचे संथ ज्वलन आहे, हा निष्कर्ष तिथून निघाला आणि तो आजही टिकून आहे. मात्र ‘संथ’ या शब्दापाशी येऊन विज्ञान शंभराहून अधिक वर्षे थांबले. संथ म्हणजे कसे? कोणत्या मार्गाने?

याचे उत्तर ज्या ठिकाणी सापडायला सुरुवात झाली, तिथे प्राणीही नव्हता आणि ऑक्सिजनही नव्हता. होते यीस्ट. द्राक्षाचा रस आंबतो, पिठातून बुडबुडे येतात, माडाची गोड नीरा उन्हे चढता चढता माडी होते, हे माणसाला हजारो वर्षे माहीत होते. एकोणिसाव्या शतकात वाद पेटला तो या आंबण्याच्या कारणावर. जर्मनीतले लीबिग हे त्या काळचे रसायनशास्त्राचे बडे प्रस्थ. त्यांच्या मते आंबणे ही निव्वळ रासायनिक घटना होती, त्यात जिवंतपणाचा संबंध नव्हता. पाश्चर यांनी एकामागून एक प्रयोगांनी दाखवून दिले की जिवंत यीस्टशिवाय साखरेचे मद्य होत नाही आणि हवा कोंडली की यीस्ट साखर अधिक झपाट्याने फस्त करते. लढाई पाश्चर यांनी जिंकली. त्या विजयाचा एक दुष्परिणामही झाला. साखर मोडण्याची शक्ती जीवनातच आहे, पेशी फोडली की ती नाहीशी होते, अशी समजूत पक्की झाली आणि त्या शक्तीच्या आत डोकावण्याचे दार जवळजवळ बंद झाले.

१८९७ मध्ये ते दार उघडले. ते उघडणाऱ्याला आपण काय उघडतो आहोत याची आधी कल्पना नव्हती. एडुआर्ड बुखनर यांचे थोरले भाऊ हान्स हे म्युनिकमधले जीवाणुशास्त्रज्ञ. त्यांना सूक्ष्मजीवांच्या आतला रस औषधासाठी हवा होता. त्यासाठी यीस्ट वाळू आणि डायटमच्या मातीबरोबर खलात घोटले गेले, कापडात बांधून जलदाबयंत्राखाली पिळले गेले. निघालेला पिवळसर रस नासू नये म्हणून एडुआर्ड यांनी त्यात भरपूर साखर घातली. मुरांबा टिकतो त्याच तत्त्वाने. थोड्या वेळाने रसातून बुडबुडे येऊ लागले. रसात एकही अखंड पेशी नव्हती, तरी साखरेचे मद्य होत होते. दुसरा कोणी असता तर रस बिघडला म्हणून त्याने तो फेकून दिला असता. बुखनर यांनी त्या बुडबुड्यांचा पाठपुरावा केला, रस गाळून, वाळवून, वेगवेगळ्या शर्करांवर चालवून पाहिला आणि जाहीर केले की साखर मोडते ती पेशीतल्या पदार्थामुळे. त्यासाठी पेशी जिवंत असणे आवश्यक नाही. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. माझ्या मते आधुनिक जीवरसायनशास्त्राचा जन्म या बुडबुड्यांत आहे. लीबिग आणि पाश्चर दोघेही आपापल्या जागी अर्धे बरोबर होते, हे बुखनर यांनी सिद्ध केले. दुर्दैवाने तोवर दोघेही हयात नव्हते.

पेशी फोडूनही काम चालते म्हटल्यावर ते काम तुकड्यातुकड्यांनी तपासता येऊ लागले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना यीस्टच्या रसाचा एक विचित्र स्वभाव दिसला. साखर शिल्लक असतानाही बुडबुडे मंदावत. फॉस्फेट घातले की पुन्हा जोर धरत आणि घातलेले फॉस्फेट नाहीसे होई. ते गेले कुठे? ते साखरेला जाऊन चिकटले होते. शिवाय या रसाचे दोन भाग करता येत होते. एक उकळला की निकामी होणारा, म्हणजे विकरांचा. दुसरा उकळूनही टिकणारा, लहान रेणूंचा. दोन्ही वेगळे केले की काम ठप्प, एकत्र केले की सुरू. या दुसऱ्या भागातला मुख्य रेणू पुढे एनएडी म्हणून ओळखला गेला. या पुस्तकात तो जवळजवळ प्रत्येक प्रकरणात भेटेल, कारण साखरेपासून सुटलेले इलेक्ट्रॉन उचलून पुढे नेण्याचे काम त्याच्याकडे आहे.

यानंतरची तीस-पस्तीस वर्षे म्हणजे एकेक टप्पा हुडकण्याचा चिवट उद्योग. गुस्ताव एम्बडेन, ओटो मायरहोफ आणि याकुब पार्नास या तिघांची नावे त्या मार्गाला जोडली गेली आहेत. मार्ग १९४० च्या सुमारास पूर्ण उलगडला, तेव्हा त्याची माणसे उधळली गेली होती. एम्बडेन १९३३ मध्ये वारले. मायरहोफ ज्यू होते. त्यांना १९३८ मध्ये जर्मनी आणि दोन वर्षांनी फ्रान्सही सोडून अमेरिकेत जावे लागले. पार्नास यांचा शेवट १९४९ मध्ये मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात झाला. विद्यार्थी ‘ईएमपी मार्ग’ अशी तीन अक्षरे घोकतात, तेव्हा या तीन आयुष्यांबद्दल त्यांना कोणी काही सांगत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

ग्लायकोलायसिस म्हणजे ग्लुकोज-विघटन हा दहा टप्प्यांचा मार्ग. टप्प्यांची नावे पाठ करण्याआधी त्यामागची युक्ती समजली तर नावे आपोआप लक्षात राहतात. पेशी सुरुवातच खर्चाने करते. ग्लुकोज आत येताच ती त्यावर एक फॉस्फेट बसवते, थोड्या वेळाने दुसरे. यात पेशीचे ऊर्जाचलन असलेल्या एटीपीचे दोन रेणू खर्ची पडतात. फॉस्फेटवर विद्युतभार असतो, त्यामुळे फॉस्फेट बसलेली साखर पेशीच्या स्निग्ध पटलातून परत बाहेर निसटू शकत नाही. दोन टोकांना दोन फॉस्फेट असले की सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकडे फॉस्फेटसह आतच राहतात. मग येतो सहावा टप्पा, साऱ्या मार्गातला मला सर्वांत देखणा वाटणारा. तीन कार्बनच्या तुकड्यातून इलेक्ट्रॉन निघून एनएडीकडे जातात. त्या वेळी सुटणारी ऊर्जा उष्णता होऊन विरायच्या आत पेशी द्रवातले एक साधे, फुकटचे फॉस्फेट त्या तुकड्याला अशा अवघड रीतीने जोडते की पुढच्याच टप्प्यात ते एटीपी तयार करून सुटते. आगीत जे एका झटक्यात उधळले गेले असते, त्यातला पहिला घास पेशीने इथे पकडलेला असतो. शेवटी चार एटीपी मिळतात, सुरुवातीचे दोन वजा जाता दोन उरतात, आणि साखरेचे होते पायरुविक आम्ल.

दोनच एटीपी. एवढ्यावर थांबायचे असेल तर एक अडचण उभी राहते आणि तिथे बहुतेकांची समजूत चुकते. एनएडीचे रेणू पेशीत मोजकेच असतात. ते सगळे इलेक्ट्रॉनने भरले की सहावा टप्पा बंद पडतो आणि त्याबरोबर सगळेच बंद पडते. भरलेला एनएडी कुठेतरी रिकामा करायलाच हवा. ऑक्सिजन नसेल तर यीस्ट ते इलेक्ट्रॉन पायरुविक आम्लापासून बनलेल्या एका पदार्थावर टाकून मद्यार्क तयार करते. आपला स्नायू ते थेट पायरुविक आम्लावर टाकून लॅक्टिक आम्ल तयार करतो. म्हणजे आंबवण्याच्या या शेवटच्या कृतीतून एक कणही एटीपी मिळत नाही. तिचा उद्देश एनएडी मोकळा करण्याचा असतो. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबतो, साखर कारखान्याच्या मळीपासून आसवनीत अल्कोहोल बनते, तिथे माणसाला हवा असलेला पदार्थ यीस्टच्या दृष्टीने टाकाऊ आहे. स्नायूतले लॅक्टिक आम्ल मात्र टाकाऊ नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरते, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते त्याचा दोषही त्याच्या माथी मारला जातो. पण तोवर ते रक्तातून केव्हाच निघून गेलेले असते.

आणि हे दोन एटीपी क्षुल्लक समजू नयेत. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने शरीरातल्या सर्व पेशींत सर्वाधिक आहेत, आणि पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशीत तंतुकणिका, म्हणजे ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणारे पेशीतले कारखाने, नसतात. ऑक्सिजन वाहून नेणारी ही पेशी स्वतः ऑक्सिजन वापरत नाही. तिचे सारे आयुष्य या दोन एटीपींवर चालते.

एटीपीचा उल्लेख आला आहे तर त्याचा शोध लावणाऱ्या एका भारतीयाबद्दल इथे थांबून लिहिलेच पाहिजे. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये भीमावरमचा, आज जे आंध्र प्रदेशात आहे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी खादी घातली आणि त्याची किंमत पदवीच्या वेळी मोजली. त्यांना एमबीबीएसऐवजी खालच्या दर्जाची एलएमएस देण्यात आली. १९२३ मध्ये ते बोस्टनला पोहोचले आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करू लागले. रक्तातले आणि ऊतींतले फॉस्फरस मोजण्याची त्या दोघांची १९२५ ची रीत एवढी सुटसुटीत होती की जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगवर्गांत ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. त्याच रीतीच्या बळावर त्यांना १९२७ मध्ये स्नायूत फॉस्फोक्रिएटिन सापडले आणि १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत मायरहोफ यांच्या प्रयोगशाळेतल्या कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे ते शोधले. हार्वर्डने सुब्बाराव यांना कायम नोकरी दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या देखरेखीखाली फॉलिक आम्लाची निर्मिती झाली, कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट घडले, हत्तीरोगावरचे डीईसीही घडले. विदर्भातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी घरोघरी डीईसीच्या गोळ्या वाटतात. ते औषध आणि एटीपी या दोन्हींशी एकाच माणसाचे नाव जोडलेले आहे, हे महाराष्ट्रातल्या किती विज्ञान-शिक्षकांना ठाऊक असेल? १९४८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कमध्ये वारले.

एटीपीबद्दल आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पाठ्यपुस्तकांतल्या भाषेमुळे तिच्याविषयी गैरसमज होतो. एटीपीच्या बंधात ऊर्जा साठलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, असे सर्रास लिहिले जाते. कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. पाण्याशी अभिक्रिया होऊन एटीपीचे शेवटचे फॉस्फेट सुटते, तेव्हा तयार होणारे पदार्थ मूळच्या रेणूपेक्षा अधिक स्थिर असतात, आणि फायदा होतो तो या फरकातून. हा फरक टिकून राहतो कारण पेशी एटीपीचे प्रमाण सतत चढे ठेवते. एटीपी हा साठा नाहीच. शरीरात कोणत्याही क्षणी ते पाव किलोसुद्धा नसते, पण दिवसभरात ते इतक्या वेळा मोडते आणि जोडले जाते की एकूण उलाढाल जवळपास आपल्या वजनाइतकी होते. ही अफाट जोडणी ग्लायकोलायसिसच्या दोन-दोन रेणूंनी भागणारी नाही. तिच्यासाठी ऑक्सिजन आणि तंतुकणिका लागतात.

पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरते, त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो आणि उरलेले दोन कार्बन एका चक्रात ओढले जातात. हे चक्र हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला शोधले. ते तिथे होते कारण १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना फ्रायबुर्गच्या रुग्णालयातून काढून टाकले होते. विल्यम जॉन्सन या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी पारव्याच्या छातीच्या स्नायूचा खिमा घेतला. उडणाऱ्या पक्ष्याचा तो स्नायू ऑक्सिजन भराभर वापरतो. हंगेरीतल्या सेंट-ग्यॉर्गी यांना आधीच दिसले होते की काही चार कार्बनची आम्ले चिमूटभर घातली तरी ऑक्सिजनचा खप कितीतरी वाढतो. क्रेब्स यांना सायट्रिक आम्लाचाही तोच गुण दिसला. घातलेले आम्ल संपत नाही आणि परिणाम मात्र मोठा होतो, तर ते पुन्हा पुन्हा तयार होत असले पाहिजे. म्हणजे वाट सरळ नसून गोल असली पाहिजे. हा तर्क मला आजही रोमांचित करतो. त्यांनी ‘नेचर’कडे पाठवलेले टिपण जागा नाही म्हणून परत आले, मग ते हॉलंडमधल्या एका नियतकालिकात छापले गेले आणि १९५३ मध्ये क्रेब्स नोबेलचे मानकरी झाले.

या चक्राविषयी वाचकाने एकच गोष्ट घट्ट धरावी. आपण बाहेर टाकतो तो कार्बन डायऑक्साइड इथून येतो, पण त्यातला ऑक्सिजन आपण श्वासावाटे घेतलेला नसतो. तो साखरेतला आणि पाण्यातला असतो. चक्रात हवेतल्या ऑक्सिजनला प्रवेशच नाही. चक्राचे खरे उत्पन्न म्हणजे इलेक्ट्रॉनने भरलेले एनएडीसारखे वाहक. आपण घेतलेला ऑक्सिजन थेट शेवटी लागतो, आणि त्याचे होते पाणी.

तो शेवट तंतुकणिकेच्या आतल्या पटलात घडतो. केंब्रिजमध्ये डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये कीटकांच्या पंखांचे स्नायू आणि यीस्ट वर्णपटदर्शकातून पाहिले आणि त्यात काळे पट्टे दिसले. हवा दिली की ते पुसट होत, हवा संपली की परत उमटत. ही लोहयुक्त सायटोक्रोम प्रथिने इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे देत ऑक्सिजनपर्यंत पोहोचवतात. पण या देवाणघेवाणीतून एटीपी कसे बनते? १९५० च्या दशकभर मोठमोठ्या प्रयोगशाळा एका मधल्या रासायनिक दुव्याच्या मागे होत्या. तो कोणालाच सापडला नाही. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितले की तसा दुवा नाहीच. इलेक्ट्रॉन खाली उतरताना प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात आणि परत येताना ते एटीपी घडवतात. बहुतेकांना हे अविश्वसनीय वाटले. प्रकृतीच्या कारणाने मिचेल यांनी एडिनबरोची नोकरी सोडली, कॉर्नवॉलमधला ग्लिन हाउस हा मोडकळीला आलेला वाडा दुरुस्त केला आणि जेनिफर मॉइल यांच्याबरोबर तिथेच प्रयोगशाळा थाटली. वाद वर्षानुवर्षे चालला. १९७४ मध्ये एफ्रेम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी एका सूक्ष्मजीवाचे प्रकाशावर प्रोटॉन ढकलणारे प्रथिन आणि गाईच्या हृदयातले एटीपी बनवणारे विकर एकाच कृत्रिम पुटिकेत बसवले. दोघांचा नैसर्गिक संबंध काडीचाही नव्हता. त्यांना जोडणारे होते फक्त प्रोटॉन. उजेड पडला आणि एटीपी तयार झाले. १९७८ चे नोबेल एकट्या मिचेल यांना मिळाले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कोयना पुरेशी आहे. शिवसागरात अडवलेले पाणी बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरते आणि जाताना चक्रे फिरवते. तंतुकणिकेच्या पटलामागे पाण्याऐवजी प्रोटॉन अडवलेले असतात. साम्य इतपतच नाही. तिथे चाकही खरोखरच आहे. पॉल बॉयर यांनी एटीपी बनवणाऱ्या विकराचा एक भाग फिरत असावा असे मांडले, जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये त्याची रचना दाखवली आणि १९९७ मध्ये जपानमध्ये हिरोयुकी नोजी, मासासुके योशिदा, काझुहिको किनोसिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या फिरत्या भागाला एक चमकता तंतू चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना सगळ्यांना दाखवला. दर फेऱ्याला तीन एटीपी. आपल्या पेशींत एका फेऱ्यासाठी आठ प्रोटॉन लागतात. शिवाय फॉस्फेट आत आणायला आणि तयार एटीपी बाहेर पाठवायलाही प्रोटॉन खर्च होतात. त्यामुळे एका ग्लुकोजमागे ३६ किंवा ३८ एटीपी हा जुन्या पुस्तकांतला आकडा आता टिकत नाही. नव्या हिशेबात तो ३० ते ३२ पडतो. परीक्षेला बसणाऱ्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिहावा, पण खरी गोष्ट माहीत असावी. पटल थोडे गळते, हिशेब कधीच काटेकोर पूर्णांकात बसत नाही.

या वाटेवर कुठेही अडथळा आला तर काय होते, याला पुस्तकात मी बरीच जागा दिली आहे. सायनाइड शेवटच्या सायटोक्रोमला पकडते; रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. डायनायट्रोफिनॉल पटलाला भोके पाडल्यासारखे प्रोटॉन परत आत सोडते. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी ते विकले गेले. साखर आणि चरबी जळत राहायची, एटीपी बनायचे नाही, सारी ऊर्जा उष्णता व्हायची. माणसे तापाने मेली, आणि १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. तीच गळती नवजात बाळाच्या तपकिरी चरबीत निसर्गाने मुद्दाम, मोजूनमापून ठेवली आहे. बाळ थंडीत उबदार राहते ते तिच्यामुळे.

आणि अन्नाची कहाणी आहे. पायरुविक आम्लाला चक्रात पाठवणाऱ्या विकराला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागते. फक्त सडीचा पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या पारव्यांच्या माना मागे वळतात, त्यांच्या मेंदूत पायरुविक आम्ल तुंबलेले असते, आणि थायमिन टोचले की ते काही वेळातच सावरतात, हे ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी १९३० च्या दशकात दाखवले. एनएडीचा कणा असलेले नायसिन कमी पडले की पेलाग्रा होतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, मन भ्रमते. जगभर हा मका खाणाऱ्यांचा रोग मानला जात होता. दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत का दिसतो, हा प्रश्न हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकंटिया यांनी विचारला आणि १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिनच्या आधिक्याकडे बोट दाखवले. त्यांच्या स्पष्टीकरणावर पुढे मतभेद झाले. तरी प्रश्न आपल्या ताटातला होता आणि त्याची मुळे हार्डन-यंग यांच्या उकळलेल्या रसातल्या रेणूत होती, म्हणून ते प्रकरण मी सर्वांत सविस्तर लिहिले आहे. त्याचा अर्थ ज्वारी वाईट असा कोणी घेऊ नये. भाकरीबरोबर डाळ, भाजी, शेंगदाणे असले की हा धोका उरत नाही. रोग झाला तो नुसत्या भाकरीवर दिवस काढावे लागणाऱ्यांना.

परिभाषेबद्दल दोन शब्द. विकर, तंतुकणिका, किण्वन हे शब्द पाठ्यपुस्तकांनी रुळवले आहेत, ते मी वापरले. ग्लुकोज, एटीपी, एनएडी, सायटोक्रोम तसेच ठेवले. रेणूंच्या आकृत्यांत प्रत्येक कार्बनला क्रमांक दिले आहेत, जेणेकरून ग्लुकोजचा पहिला कार्बन शेवटी कोणत्या श्वासातून बाहेर पडतो ते बोट ठेवून पाहता यावे. बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र ज्यांच्या हाती लागले आहे त्यांना काहीच अवघड जाऊ नये. इतरांनी तिसरे प्रकरण पहिल्या वाचनात सोडून चौथ्यापासून वाचायला हरकत नाही. पण सहाव्या टप्प्याची आकृती एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहावी. इलेक्ट्रॉन कुठून निघाले आणि कोणाकडे गेले, एवढे दोन बाण त्यात बरोबर आले, की पुढची सगळी प्रकरणे त्याच दोन बाणांचा माग काढत जातात.